दप्तरी वेडसर, जाणार विलायतेला

लोणावळे,
चैत्र वद्य पंचमी, सन १९३६

तीर्थस्वरूप दाजींचे सेवेशी,

रखमाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली प्रकृती, आपली पचनशक्ती आणि कचेरीतली आपली वेताची खुर्ची ही तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. (खुर्चीची चौकशी मुद्दाम करतो, कारण माझ्या आयुष्याचे सगळे मोठे बेत आपण तिच्यावर बसूनच केले आहेत.) इकडे आबा बरे आहेत, गुडघा सोडून. झुंबरआत्या बरी आहे, जीभ सोडून; ती फारच बरी आहे.

आपण पाठवलेले एडिंबरोच्या मेडिकल कॉलेजचे माहितीपत्रक पौषात मिळाले आणि तेव्हापासून परंदवडीच्या घरात कुणी सुखाने जेवलेले नाही. मुंबईच्या कॉलेजात मला जागा मिळाली नाही हे कळल्यावर दुसऱ्या एखाद्या मेहुण्याने सांत्वनाचे कार्ड टाकले असते. आपण मला न विचारता माझा अर्ज विलायतेला धाडलात, समाजाच्या शिक्षणफंडातून शिष्यवृत्ती मिळवून ठेवलीत, आणि तिकडून होकार आल्यावर मला कळवलेत. (अर्जावर माझी सहीही आपणच केली होती. ती माझ्या सहीपेक्षा बरी आहे, म्हणून हल्ली मी तशीच करतो.) समुद्रप्रवासात भिण्यासारखे काही नाही, असेही आपण लिहिलेत. आपल्या अनुभवावर अविश्वास दाखवणारा मी कोण? भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना आपण बोटीच्या कठड्याला मिठी मारून अक्काला शेवटचे निरोप सांगत होता, असे अक्का म्हणते. पण बायका वाढवून सांगतात, असे आपणच नेहमी म्हणता.

माहितीपत्रकात एका वाक्याखाली आपली लाल रेघ आहे. पदवीनंतर होतकरू तरुणांना इस्पितळात हाउस सर्जन म्हणून जागा मिळू शकते, असे ते वाक्य. ही जागा म्हणजे काय, ते मी घरी सर्वांना समजावून सांगितले: सहा महिने, वर्षभर इस्पितळातच राहायचे आणि मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली प्रत्यक्ष शस्त्र चालवायला शिकायचे. ती मिळाली तर माणूस सर्जन होतो, नाही मिळाली तर पदवी चौकटीत लावून तिच्याखाली खोकल्याचे औषध विकतो. आपली लाल रेघ 'जागा मिळू' इथपर्यंत आली आहे आणि 'शकते' तेवढे रेघेबाहेर राहिले आहे. पेन्सिल संपली असावी.

आत्याला मात्र जागेची काळजी नव्हती. तिथे मेलेली माणसे फाडून शिकवतात असे तिने कुठूनसे ऐकले होते, आणि तिचा प्रश्न एवढाच होता की रोज मढ्याला शिवल्यावर आंघोळ कुठे करायची, कारण त्या मुलखात नदी गोठते म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नाही. थंडीवर तोड म्हणून तिने एक गोधडी शिवायला घेतली आहे. तिचा आकार पाहता ती बोटीत ठेवण्यापेक्षा बोटच तिच्यात गुंडाळणे सोयीचे पडेल.

आता मुख्य हकीकत. पासपोर्टच्या चौकशीसाठी माघात वडगावहून एक हवालदार परंदवडीत आला. मी त्या वेळी इथे लोणावळ्यात डॉक्टर नसीर यांच्या दवाखान्यात, जागेची वाट पाहत पाहत धरलेल्या नोकरीत, मिक्श्चरच्या बाटल्यांना डोसाच्या पट्ट्या चिकटवत होतो. हवालदाराने चावडीत बसून विचारले की, रखमाजी अंबाजी हा इसम कसा आहे, चळवळीत आहे काय, कुठे कुठे फिरतो. आपल्या गावाला पोलीस एकाच कामासाठी येतात असा अनुभव आहे. पोराने काहीतरी केले, हे गाव एका क्षणात उमजले आणि मला वाचवायला धावले. एकाने सांगितले, हा तळेगावच्या पलीकडे कधी गेलेलाच नाही. दुसऱ्याने सांगितले, त्याला इंग्रजी येत नाही, नुसता पुस्तक धरून बसतो. आत्याने सांगितले, तो तासन् तास भिंतीकडे तोंड करून एकटाच पुटपुटतो. (मी केमिस्ट्री पाठ करत होतो.) शेवटी आबांना विचारले. आबा म्हणाले, "त्याला जरा कमी हाय. ल्हानपनापास्नंच."

हवालदार कर्तव्यदक्ष होता. त्याने हे सगळे वळणदार अक्षरात उतरवून घेतले, खाली अंगठे घेतले आणि वर पाठवले. फाल्गुनात मला सरकारी कागद आला. अर्जदार वेडसर असून तालुक्याबाहेर गेलेला नाही, परदेशी कशासाठी जात आहे हे त्याला स्वतःला समजत असल्याचे दिसत नाही, सबब अर्ज तूर्त ठेवून दिला आहे. दाजी, त्यातले मधले वाक्य सरकारने अगदी अचूक लिहिले होते.

मी रागारागाने परंदवडीला गेलो. तिथे जो तो माझ्या पाठीवर थाप मारून, आपण मला कसे सोडवले ते सांगू लागला. एवढ्या आनंदी लोकांवर रागावणे अवघड असते. घरी निघालो, तर आमचे पोलीसपाटील दत्तोबा वाटेत थांबले होते. ते म्हणाले की हवालदार कशाला येतोय हे त्यांना आदल्या दिवशीच कळले होते आणि त्यांनी ते फक्त आबांना सांगितले होते. म्हणजे गावातली बाकीची माणसे अडाणीपणाने खोटे बोलली आणि आबा समजून उमजून. आई गेल्यापासून घरात आत्या सोडली तर आम्ही दोघेच, हे आपल्याला ठाऊक आहे. मी आबांना काही विचारले नाही. त्या दिवशी जेवताना त्यांनी स्वतःच्या ताटातले कालवण दोनदा माझ्या ताटात घातले, एवढेच.

मी लोणावळ्याला परत आलो आणि डॉक्टरसाहेबांना सांगून टाकले की विलायत रद्द, मी पुण्यात डॉक्टरकीच्या लायसनची परीक्षा देतो आणि कुठेतरी दुकान थाटतो. डॉक्टर नसीर हे आपल्या मावळातलेच, इंदुरीचे. नऊ वर्षे विलायतेत काढून आलेले. मुंबईचे शेटलोक इथे हवा खायला येतात आणि हवेबरोबर चिक्की खातात. त्यांची पोटे पूर्वपदावर आणणे हे आता डॉक्टरांचे मुख्य काम आहे. मला वाटले होते, ते म्हणतील जा, मोठा हो. तसे काही म्हणाले नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले आणि मला बाकावर बसवून घेतले.

"पदवी ते देतात, रखमाजी. अभ्यास केला की देतात. जागा देत नाहीत."

मग त्यांनी सगळे सांगितले. हाउस सर्जनच्या जागेसाठी त्यांनी सतरा इस्पितळांना अर्ज केले. सोळांनी नकार दिला. त्यांतल्या एकाने अतिशय सभ्य भाषेत लिहिले होते की आमची हरकत नाही, पण आमचे रोगी घाबरतील. सतरावे इस्पितळ एका कोळशाच्या खाणीच्या गावातले, जिथे गोरा डॉक्टर टिकत नव्हता. तिथे ते राहिले. परत मुंबईत आले तर इथल्या इस्पितळांनी सांगितले की आमच्या जागा आमच्या मुलांना पुरत नाहीत. म्हणजे तिकडे ते काळे पडले आणि इकडे परके. हे सर्व त्यांनी एखाद्या रोग्याचे टिपण वाचून दाखवावे तसे सांगितले. मी मनात आपली लाल रेघ पुसून टाकली.

त्यानंतर आठच दिवसांनी आंदर मावळातून नथू नावाचा एक माणूस धापा टाकत आला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा गळा सुजला होता आणि तिला श्वास घेववत नव्हता. आम्ही सकाळच्या गाडीने वडगावला उतरलो आणि पुढे चार तास चाललो. (आपण बक्षीस दिलेले ते साहेबी बूट मी त्या दिवशी पहिल्यांदा घातले होते. विलायतेची सवय व्हावी म्हणून.) पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पोर निळी पडली होती. घटसर्प होता. तिची आई बयाबाई रडतसुद्धा नव्हती. तिने मुलगी आमच्यापुढे ठेवली आणि बाजूला झाली. डॉक्टरांनी पोरीला उजेडात, अंगणात बाजेवर घेतले आणि मला डोके धरायला सांगितले. घट्ट धर, हलू देऊ नकोस, आणि इकडे बघू नकोस, असे म्हणाले. मी बघितले. त्यांनी गळ्यावर खाली एक छोटा छेद घेतला आणि त्यात वाकडी चांदीची नळी बसवली. नळीतून शिटीसारखा आवाज आला, आणि पोरीच्या ओठांचा रंग माझ्या डोळ्यांदेखत परत आला. या सगळ्याला मिक्श्चरची एक बाटली बांधायला मला लागतो त्याहून कमी वेळ लागला. डॉक्टर पुढचे पाच दिवस तिथेच राहिले. मुलगी जगली.

इथे आपली अशी अपेक्षा असेल की माझे डोळे भरून आले आणि मी गोरगरिबांच्या सेवेची शपथ घेतली. तसे काही झाले नाही. मला फक्त बूट चावत होते. पण त्या अंगणात, पोरीचे डोके धरून बसलो असताना, मला एक गोष्ट कळली: असे काही मला करता आले नाही तर बाकी काय येते याला अर्थ नाही. हे कुठे शिकलात, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, त्या खाणीच्या गावात. भर हिवाळ्यात वरचा डॉक्टर आजारी पडला आणि एक पोर आले. "तोवर ही नळी मी नुसती पुस्तकात पाहिली होती," ते म्हणाले. "सोळा ठिकाणी नाही म्हणाले, एका ठिकाणी हो म्हणाले. शिकायला एकच लागतं."

मी परंदवडीला गेलो आणि आबांना ही हकीकत सांगितली. विलायतेचे नाव मी काढले नाही. सतरा अर्जांचेही सांगून टाकले, कारण खोटे बोलण्याचा कोटा आमच्या घराने या वर्षापुरता संपवला आहे. आबा बैलांपुढे वैरण टाकत होते. त्यांनी विचारले, "पोरगी जगली?" मी म्हणालो, जगली. त्यांनी वैरण टाकून संपवली आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला फेटा बांधून बाहेर पडले. दुखऱ्या गुडघ्याने ते वडगावपर्यंत पायी गेले, हवालदाराला शोधून काढले आणि त्याच्यापुढे उभे राहिले. ही हकीकत मला त्या हवालदारानेच नंतर सांगितली. आबा म्हणाले, "माझा पोरगा शाना हाय. मी खोटं बोल्लो व्हतो, साहेब. त्ये खोडा." हवालदाराने विचारले की खोटे का बोललात, आता तुमच्यावरच कारवाई करावी लागेल. आबा म्हणाले, "करा. एकुलता हाय, म्हून बोल्लो." हवालदाराने टाक शाईत बुडवला. मग त्याने जुन्या जबानीखाली नवी जबानी लिहिली आणि आबांना बसायला घोंगडी दिली. त्याचाही एक मुलगा रेल्वेत लागून लांब नागपुराकडे गेला आहे म्हणे.

गेल्या आठवड्यात पासपोर्ट आला. त्यातल्या फोटोत मी पहिल्या जबानीसारखा दिसतो.

तर दाजी, विलायतेला जाण्याविरुद्धची सगळी कारणे मी वर दिली आहेत. जागा मिळेल याची खात्री नाही, परत आल्यावर तर नाहीच नाही; थंडी आहे, समुद्र आहे, आंघोळीचा प्रश्न सुटलेला नाही. माझ्या मते कुणाही विचारी माणसाने जाऊ नये. आपण वडील आहात, योग्य वाटेल तो सल्ला द्यावा. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
रखमाजी

ता. क. : सल्ला सावकाश दिलात तरी चालेल. बोट मे महिन्याच्या सत्तावीस तारखेला सुटते आणि मी तिकिटाचे पक्के करून टाकले आहे. जागेसाठी अर्ज करताना मी अठरावे इस्पितळसुद्धा सोडणार नाही.

दुसरी ता. क. : आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. आषाढात भातलावणी असते, हे आपण ऐकून असाल. पाच वर्षे मी नसणार. आबांचा गुडघा चिखलात टिकत नाही आणि ते कुणाला बोलवायचे नाहीत. तेव्हा आपण दरसाल आषाढात तीन आठवड्यांची रजा काढून, अक्काला आणि मुलांना घेऊन परंदवडीला यावे आणि लावणीला उभे राहावे. काम अवघड नाही. फक्त वाकून राहायचे असते, दिवसभर, पावसात. माझे भविष्य घडवताना आपण इतके श्रम बसून घेतलेत. थोडे वाकून घेतले तर कमरेलाही बदल मिळेल. अक्काला मी आधीच लिहिले होते. तिचा होकार आला आहे, आणि आपल्या वतीने तिने सहीही केली आहे.

तिसरी ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी परंदवडीला नेऊन आबांना वाचून दाखवले. त्यांच्याविषयीचा मजकूर आला तेव्हा ते बाहेर बघत होते. लावणीचे वाचल्यावर मात्र वळले आणि म्हणाले, "दाजीस्नी लिव, धोतार जुनं आना."