दोन बरण्यांचं औषध

४ मार्च

पोचलो एकदाचे! लष्कराच्या वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेचा इतिहास लिहायचं काम, आणि वर राहायला दोन खोल्या. शाळेत इतिहास शिकवून शिकवून माझा घसा बसला होता. इथे निदान मागच्या बाकावरून कुणी जांभया देणार नाही. नवऱ्याची नोकरी परगावी, तो महिनाअखेरीस येईल. माझी सहा वर्षांची लेक दिवसभर गुणगुणत असते, म्हणून तिला आम्ही भुंगी म्हणतो. तिने आल्या आल्या घरातले सगळे कोनाडे ताब्यात घेतले.

कंपाउंडरकाकांनी फाटकाशीच आमचं स्वागत केलं, तेही चमच्याने. इथे राहणारा प्रत्येक जण सकाळी एक चमचा सरबतासारखं औषध घेतो. एक बरणी लाल झाकणाची, एक निळ्या. आमच्या वाट्याला लाल आली. ताकदीचं आहे, पहिल्यापासूनची पद्धत आहे, असं काका म्हणाले. भुंगीने चमचा अगदी चाटूनपुसून परत दिला.

९ मार्च

काम छान चाललंय. प्रयोगशाळा युद्धाच्या काळात निघाली. जखमी सैनिकाला वेदना कळूच नयेत आणि तो आपल्या पायांनी परत यावा, असं औषध संस्थापक डॉक्टरांना हवं होतं. हेतू चांगलाच म्हणायचा.

इथली माणसं प्रेमळ आहेत, पण भारी धांदरट. टंकलेखक बाईंच्या बोटांना कायम पट्ट्या. आचारी उकळतं पातेलं उघड्या हातांनी उतरवतो. हात आहेत की सांडशी, असं मी त्याला चेष्टेत विचारलं. त्याने हसत तळवे पुढे केले. कातडी सोलून निघाली होती. मग मला हसू आलं नाही.

१५ मार्च

भुंगी पायरीवरून पडली, गुडघा फुटला, पण रडली नाही. मी कौतुकाने नवऱ्याला फोन करून सांगितलं की लेक शूर झाली. संध्याकाळी तिचे मोजे काढले तर अंगठ्याचं नख अर्धं उखडलेलं, मोजा रक्ताने कडक झालेला. दिवसभर ती तशीच उड्या मारत होती.

१६ मार्च

कंपाउंडरकाकांना गाठून सरळ विचारलं. त्यांनीही काही लपवलं नाही. चाचणी अजून चालू आहे म्हणाले. एका बरणीत औषध, दुसरीत नुसतं साखरेचं पाणी. कुठल्या बरणीत काय, हे देणाऱ्याला कळता कामा नये, तरच चाचणी खरी. ते एकट्या संस्थापक डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि ते न सांगता गेले. पुढचे लोक डॉक्टरांनी सांकेतिक खुणांत लिहून ठेवलेल्या दोन कृतींनी, कुठली कशाची ते न कळता, बरण्या भरत राहिले. सैनिक गेले, त्यांच्या जागी नोकर आले. नोकर गेला की नवा येतो.

मी म्हटलं, बंद करा हे. काका मायेने म्हणाले,

"अहो ताई, निकाल लागल्याशिवाय बंद कसं करायचं? इतक्या लोकांचे कष्ट पाण्यात जातील."

ज्यांना लागू पडतं, त्यांचं आधी दुखणं जातं, मग दुखणं कसं असतं तेही ती माणसं विसरतात, असं ते जाता जाता म्हणाले. अगदी हवापाण्याचं बोलावं तसं.

१७ मार्च

चमचा बंद. दोघींचाही. सामान बांधतेय.

भुंगीचं अंग कोमट लागतंय. सकाळपासून गुणगुणली नाही.

१८ मार्च

ताप चढलाय. पोट फळीसारखं कडक. इथल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एकच विचारलं, दुखतंय का. ती नाही म्हणाली. ठणठणीत आहे म्हणाले आणि हात धुऊन निघून गेले. मी त्यांच्या मागे धावले, ओरडले — त्यांना खरंच कळेना की मी कशासाठी —

मला भीती वाटतेय. पोटात काहीतरी फुटलंय आणि माझी लेक हसतेय.

त्याच दिवशी

काकांनी फाटक उघडलं, अडवलं नाही. फक्त म्हणाले, परत याल तेव्हा तुमची जागा —

पुढचं ऐकलं नाही. दूधवाल्याच्या गाडीतून गावातल्या दवाखान्यात.

दवाखाना

डॉक्टरीण बाई समजूतदार आहेत. तपासण्या चालू आहेत, पण दुखणं नेमकं कुठे, कधीपासून, हे कळलं तर त्यांना लगेच — वेळ कमी आहे म्हणतात. भुंगी म्हणते, कुठेच नाही.

मी तिचा हात धरून बसलेय. लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

तिने आत्ता विचारलं, "आई, दुखणं कसं असतं ते सांग ना. मग मी शोधते."

माझं शहाणं बाळ. सांगते म्हटलं. जगातलं सगळ्यात मोठं दुखणं तर मी तिच्याच वेळी सोसलं. रात्रभर कळा येत होत्या, मी पलंगाची कड धरली होती, सगळं आठवतंय. भुंगे, तू पोटात होतीस ना, तेव्हा मला असं —

असं —

डॉक्टरीण बाई विचारतायत. भुंगी माझ्या तोंडाकडे बघतेय. कळा आल्या होत्या. आल्या होत्या ना. त्या कशा