वाडीच्या पुलाचा नारळ

चिखली,
सोमवार, ३० जून

चि. भालू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझा गुडघा बरा आहे. अंगणातल्या जांभळीला यंदा फळ कमी, आणि जे आलं ते पोपटांनी आपल्याआधी नेलं. तिकडे आमदार निवासातलं जेवण तुला सोसत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा तिखटाला नाही म्हणायला शीक. लोकांना नाही म्हणता येत नाही तर निदान भाजीला तरी म्हण.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. तू फोनवर ‘बोल ताई’ म्हणतोस तेव्हा तिकडे चार जण कान टवकारून बसलेले असतात, ते मला इथे कळतं. तुझा इथला पीए शंतनू आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघतोय, त्याच्या हाती हे पाकीट देते आहे. डिंकाने नीट चिकटवलंय. त्याला वाटतंय यात तू मागवलेला तो अंगठ्याचा कागद आहे. वाटू दे बिचाऱ्याला, प्रवासात झोप तरी लागेल.

आधी कार्यालयाचं सांगते. दाखले, बदल्या, रोहित्र जळालं, विम्याचे पैसे आले नाहीत, रोजचंच. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर तू मला या खुर्चीत बसवलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, मला काही जड जाणार नाही, वर्गातली पोरं आणि मतदार सारखेच, खोटं दोघांनाही लगेच कळतं. तू हसला होतास.

मागच्या अधिवेशनातलं तुझं सोयाबीनवरचं भाषण मी दोनदा पाहिलं. हातात कागद नव्हता. समोरच्या बाकावरून कुणी टोमणा मारला तर ‘अध्यक्ष महोदय, यांचा वेळ माझ्या खात्यात धरू नका’ म्हणालास आणि सगळं सभागृह हसलं. बाबा असते तर दिवाणखान्यात न मावता अंगणात जाऊन उभे राहिले असते. वाडीचा पूलही तूच पुरवणी मागण्यांत घालून घेतलास, नाही तर तो कागदावरच म्हातारा झाला असता. हे मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना तूही हे लक्षात ठेव.

वामनरावांच्या तेरवीला तुझ्या वतीने जाऊन आले. अमडापूरच्या पुढे रस्ता सोडला की वाडीचा नाला लागतो. त्याला पाणी आलंय. गाडी अलीकडेच ठेवली आणि त्यांच्या घरच्या दोन बायांनी माझे दोन्ही दंड धरून मला पलीकडे नेलं. एक चप्पल वाहून गेली. त्यांनी ती शोधायला एका माणसाला पिटाळलं, मी नको नको म्हणत होते. ज्या घरी माणूस गेलाय त्या घरची माणसं माझी चप्पल शोधत होती, भालू. मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं मी वामनरावांसाठी रडते आहे. तेही होतंच.

भूमिपूजनाच्या निमंत्रणपत्रिकेत ते ‘ज्येष्ठ कार्यकर्ते’ होते. माझ्याकडे ते दर बाजाराच्या दिवशी यायचे. दारातच चपला काढायचे, पंख्याखाली बसायचे आणि एकच विचारायचे, ‘पुलाचं कुठवर आलं, ताई?’ त्यांची सून बाळंतपणाला निघाली तेव्हा नाला भरून वाहत होता. नातू काठावरच जन्मला आणि काठावरच गेला. आपल्या आधीच्या दोन आमदारांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. एकाने ऐकून घेतलं, एकाने तेही नाही. तू ऐकलंस आणि केलंस. म्हणून त्या माणसाला तुझ्यात देव दिसायचा. माझी थट्टा त्यांना आवडायची. मी म्हणायचे, पूल झाला की तुम्ही मला विसरणार. ते म्हणायचे, पुलावरून पहिली तुमालेच नेतो.

मृग लागायच्या आधीचं ऊन तुला सांगायला नको, तू इथलाच आहेस. भूमिपूजनाची वेळ अकराची होती. मांडवाचं कापड असं विरळ, की खुर्चीवर सावलीपेक्षा ऊनच जास्त. गावाने ठरवलं होतं, पूजेला वामनरावांनी बसायचं, आणि नारळ व पहिली कुदळ मात्र साहेबांच्या हातची. तिथली रीत अशी, की पूजेला बसलेल्याने नारळ फुटेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही. सकाळी मी पोहोचले तेव्हा ते नवं धोतर नेसून, लाल फडक्यातला नारळ मांडीवर घेऊन बसले होते. लग्नातला नवरदेव बरा, असं मी म्हटलं, तर लाजले.

बाराच्या सुमारास तुझा फोन आला. त्याचं नंतर लिहिते.

माइक माझ्याकडे होता. मी सांगत राहिले, साहेब निघालेत, साहेबांची गाडी मेहकर फाट्यावर आली, काही क्षणांतच आगमन होत आहे. मधे पोरींनी स्वागतगीत म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. बाया पदराने वारा घेत होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन वामनरावांकडे गेले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

म्हणाले, “साहेब आल्याबिगर कसा पिऊ, ताई? नारय फुटू द्या, मंग घागरभर पितो.”

मी तांब्या घेऊन परत आले. त्यानंतर आणखी एकदा माइकवर बोलले. मग ते बसल्या जागी कलंडले. नारळ घरंगळत माझ्या पायाशी आला. दवाखान्यापर्यंत नेलं, पण गाडीतच सगळं संपलं होतं.

आता तुझ्या फोनचं.

तू मुंबईहून निघालाच नव्हतास. मंत्रिमंडळात दोन जागा भरायच्या होत्या आणि तू सकाळपासून कुणाच्या तरी बंगल्याबाहेर बोलावण्याची वाट बघत बसला होतास. तू मला म्हणालास, “ताई, आज येणं होत नाही. पण माणसं उठवू नको. रिकाम्या खुर्च्या पेपरात छापतात. संध्याकाळी व्हिडिओवर बोलतो.” हे शब्द मला पाठ झालेत. मी ‘बरं’ म्हटलं. विचार करून म्हटलं असतं तर निराळं, मी सवयीनं म्हटलं. आणि मेहकर फाटा मी माझ्या मनाचा घातला. तू सांगितला नव्हतास.

तर भालू, तू आणि मी दोघांनी मिळून एका तहानलेल्या माणसाला न येणाऱ्या माणसाची वाट बघायला लावली. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, वामनराव, साहेब येत नाहीत, तुम्हीच फोडा. त्यांनी फोडला असता. पाणी प्यायले असते. आज पुलावरून मला न्यायच्या गोष्टी करत असते.

विरोधकांनी हे सभागृहात काढलं आणि बुधवारी तू खुलासा करणार आहेस, हे शंतनूने सांगितलं. काय खुलासा, तेही सांगितलं. कार्यक्रम सकाळीच रद्द झाला होता, गावाला तसं कळवलं होतं, वामनराव बरेच दिवस आजारी होते आणि हट्टाने उन्हात बसले. त्याला आधार म्हणून त्यांच्या बायकोचा, रुखमाबाईंचा, कागदावर अंगठा हवा. ते काम तू माझ्यावर टाकलंस, कारण त्या घरात माझा शब्द चालतो.

मी गेले. तुझ्यासाठी गेले, खोटं कशाला बोलू. कागद वाचून दाखवला. रुखमाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी थांबले तशा म्हणाल्या, “बिमार होते म्हनून लिव्हलं का याच्यात? लगन झाल्यापासून डोकं दुखते म्हनून झोपले नाहीत ते कधी. त्या दिसी मले म्हने, आज मले नजर लागंन.”

एवढंच. आवाज चढवला नाही, मला घराबाहेर काढलं नाही, उलट चहा ठेवायला उठल्या. चहा पिताना मी त्यांना सगळं सांगितलं. तुझा फोन, माझं ‘बरं’, मेहकर फाटा. कपबश्या उचलून त्या आत गेल्या. मला निघताना निरोप दिला नाही. तो कागद मी नाल्यात सोडला, चप्पल गेली तिथेच.

काल त्या चालत अमडापूरला आल्या, तिथून एस.टी.ने इथे. तुझ्या केबिनमध्ये गेल्या आणि पदराखालून लाल फडक्यातला तो नारळ काढून तुझ्या टेबलावर ठेवला.

“साहेबायच्याच हातानं फुटाचा होता ना,” म्हणाल्या, “मंग त्याहीलेच द्या.”

तेव्हापासून तो तिथेच आहे. झाडणाऱ्या बाईने आज त्याच्या भोवतीने पुसलं, हलवला नाही. मीही हलवलेला नाही.

तुझ्यावर रागावले आहे. तू लहान असताना पडलास की मी आधी धपाटा घालायचे आणि मग फुंकर. या वेळी फुंकर घालायला मी नाही. मंत्रिपद मिळेल किंवा जाईल, त्याने वाडीतलं कुणी परत येणार नाही. पण बुधवारी तू ‘रद्द केला होता’ म्हणालास, तर त्या म्हाताऱ्याला मेल्यावर आपण खोटारडा ठरवू, आणि तेही तुझ्या तोंडून. ते मी होऊ देणार नाही. तू खरं सांगितलंस तर मी तुझ्या बाजूला उभी राहीन आणि माझा वाटा मी सांगेन. नाही सांगितलंस, तरी माझा वाटा मी सांगेनच. फक्त तेव्हा बाजूला तू नसशील.

वाडीच्या लोकांना बुधवारी कार्यालयात बोलावलंय. टीव्ही लावून ठेवते. गावातल्या मांडवातल्या त्याच खुर्च्या भाड्याने आणल्या आहेत, दुसऱ्या मिळाल्या नाहीत. पहिल्या रांगेत रुखमाबाई बसतील. पाण्याचा माठ भरून दारातच ठेवणार आहे. सभागृह अकराला भरतं. वाडीची माणसं त्याच्या आधीच येऊन बसतील. त्यांना तुझी वाट बघायची सवय आहे.

या वेळी मी माइकवर काही सांगणार नाही. जे सांगायचं ते तू सांग.

तुझी,
त्यांच्यातच बसलेली,
ताई