दारात दहा जण

३ मार्च
मेहुण्याला आजही मिठ्या! उड्या मारणारे खाली उतरले, छत्र्या गोळा केल्या आणि थेट त्याच्याकडे. "तुझ्या विमानातून उडी मारायला मजा येते यार!" मी शेजारीच इंजिनाचं तेल बघत उभा. मला एकाने विचारलं, "काका, पाणी कुठे मिळेल?" काका! पंधरा वर्षं हेच विमान उडवतोय मी. आणि ह्याला इथे चिकटवला तोही मीच, बायकोचा भाऊ म्हणून.

५ मार्च
बायकोने दोघांचा डबा एकत्र दिला. चांगलंचुंगलं सगळं भावाच्या कप्प्यात!

८ मार्च
मिशीवाले कोच आले होते. त्यांना आकाशात दहा जणांचं कडं करायचंय, म्हणजे दहाही जण एकदम बाहेर पडायला हवेत. मेहुणा चक्क नाही म्हणाला. "भाऊजींचा नियम आहे, सर. दारापाशी चौघंच. बाकीच्यांनी पुढे बसायचं, पायलटच्या पाठीला चिकटून."
दार शेपटीकडे. सगळे मागे गेले की शेपटी जड होते, नाक वर जातं, वेग पडतो. मीच शिकवलंय हे त्याला. कोच हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली — "जबाबदार पोरगा!"
नियम माझा आणि थाप त्याला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "सर, मी नेतो दहा."

९ मार्च
नेले! दहाही दारापाशी, दहाही एकदम बाहेर. विमान हललंसुद्धा नाही. खाली कोचनी मला मिठी मारली. मूठभर मांस चढलं अंगावर. मेहुणा कोपऱ्यात उभा होता, बिचारा! नंतर हळूच जवळ आला. "भाऊजी, भोंगा नाही वाजला?" वेग फारच पडला की कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो, त्यानंतर विमान कोसळायचंच बाकी असतं. मी म्हटलं, "छे! लोण्यासारखं गेलं."

१५ मार्च
विमान पडलं. मेहुणा गेला.

१६ मार्च
काल मी दाढ काढायला गेलो होतो, म्हणून दहा जण त्याने नेले. खालच्यांनी पाहिलं — नाक वर उठलं, विमान क्षणभर थबकलं आणि गरागरा फिरत खाली आलं. नऊ जण छत्रीने उतरले. दहावा दारातच अडकला. तो आणि मेहुणा, दोघं.
बायको रडतही नाही. भावाचा शर्ट मांडीवर घेऊन बसली आहे.

१९ मार्च
केवढी माणसं आली निरोपाला! कोच सासूबाईंचा हात धरून बसले होते. मनात आलं, माझ्यासाठी ह्यातली निम्मीही आली नसती. आज! तिथे उभा राहून! लाज वाटली, पण आलं ते आलं.

२४ मार्च
तपासाच्या बाई आल्या होत्या. शांत, चष्मेवाल्या. "दहा जण मागे गेल्यामुळे पडलं, एवढं नक्की. पण नऊ तारखेला तुम्हीही नेले होतेत. तेव्हा काही जाणवलं?"
"नाही."
"मग त्याच्याच हातून कसं पडलं?"
विमानाचे मालक मध्येच म्हणाले, "हात कच्चा, दुसरं काय!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी लिहून घेतलं.
घरी बायकोला सांगितलं. ती केवढ्याने ओरडली! "कच्चा? अहो, तुम्हाला विचारल्याशिवाय एक गोष्ट करायचा नाही तो!" जेवण तसंच राहिलं.

२५ मार्च
नऊ तारखेला भोंगा वाजला होता. वाऱ्यात मागच्यांना ऐकू गेला नाही, मला गेला. नाक कसंबसं खाली दाबलं मी. मी इथेही खोटं लिहिलं.
सकाळी बायकोला सांगितलं. तपासाच्या बाईंचा नंबर लावून तिने फोन माझ्या हातात दिला.