सतराव्या ओळीतल्या गाठी

९ सप्टें., मंगळ. खामगाव
कॉलेजातून लवकर आले. मॅट्रिक्स उघडलं, आकड्यांचा भला मोठा तक्ता. लॅपटॉपच्या मेमरीत मावत नाही म्हणून डिस्कवरच ठेवलंय, लागेल तेवढा तुकडा वाचते. जिल्ह्याचा पाऊस, आणि त्यातच बाबा रोज मोजत त्या एकतीस विहिरी. एक ओळ एक विहीर, एक रकाना एक दिवस. बावीस वर्षं.

अवसेचे रकाने भरलेले दिसले. बाबा अवसेला विहिरीत दोर सोडत नसत. ती घरं रिकामीच हवीत. बाबांच्या वह्यांवरून मीच तर टाइप केलंय सगळं.

१० सप्टें.
कळलं. मूर्ख मी, दुसरं कोण. मागच्या आठवड्यात ‘प्रत’ म्हणून दुसरं नाव दिलं आणि तिच्यावर रिकामी घरं अंदाजाने भरायचा प्रोग्राम चालवला. डिस्कवरच्या मॅट्रिक्सची अशी प्रत होत नाही. नावं दोन, फाइल एकच. वर्गात पोरांना दरवर्षी हेच घसा फोडून सांगते. मूळ फाइलवरच लिहिलं गेलं, पुढचे आखून ठेवलेले रकानेही भरले, पार पुढच्या डिसेंबरपर्यंत.

बाबांचे आकडे कुठले, मशीनचे कुठले? दोर तळाला सोडायचा, वर काढायचा, ओल्या गाठी मोजायच्या. गाठी पूर्णच. प्रोग्रामलाही पूर्ण आकडेच सांगितलेले, म्हणजे वेगळे ओळखू येणार नाहीत.

पेन ड्राइव्हवरच्या बॅकअपमध्ये फक्त छोटी फाइल. ओळी किती, रकाने किती, एवढंच सांगणारी. आकड्यांची मोठी फाइल घ्यायची राहिली.

आणि वह्या बाबांच्या अस्थींबरोबर नदीत. काकांनी विचारलं होतं. मीच म्हटलं, सोडा, सगळं कॉम्प्युटरात आहे. बाबांचं एवढंच होतं माझ्याजवळ. खूप रडले.

१२ सप्टें.
पिंपळगावला काकांना फोन. बाबा कोणत्या दिवशी आजारी होते, कधी गावाला गेले, म्हणजे कधी मोजलं नसेल, आठवेल तेवढं लिहून घेतलं. थोडंच आठवतं त्यांना. अवसेबद्दल मात्र ठाम. “त्या दिवशी दोराले हात नाई लावे तो. म्हणे, आज इहीर आपली नसते.”

म्हणजे अवसा तरी नक्की पुसता येतील. जुनी पंचांगं काढून बसले.

१५ सप्टें.
सगळ्या अवसा पुसल्या. डिस्कवर लिहिलं, बंद केलं, परत उघडलं. तीस ओळींत अवसेची घरं रिकामी. सतरावी भरलेली. सतरावी म्हणजे आपल्या मळ्यातली विहीर.

परत पुसली. परत उघडली. तेच आकडे.

१६ सप्टें.
वाटलं, लॅबमधल्या कॉम्प्युटरवर नेटवर्कमधून हीच फाइल उघडी राहिली असेल, तिकडून लिहिली जात असेल. जाऊन बघितलं. तो गेल्या आठवड्यापासून बंद, प्लगसुद्धा काढलेला.

१८ सप्टें.
सतराव्या ओळीत येत्या रविवारचं घर बघितलं. सर्वपित्री अवस. १९. पुसलं, उघडलं, १९. पौषात बाबा गेल्यापासून एकही विहीर कोणी मोजलेली नाही. मशीनचा अंदाज असेल. असेलच. पण मग पुसला का जात नाही?

रविवारी तशीही पितरांच्या पानाला पिंपळगावला जायचंच आहे.

२१ सप्टें., रवि. पिंपळगाव राजा
कावळ्याने घास लगेच घेतला. काका खूश.

जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत गेले. दोर दाराआडच्या खिळ्याला, बाबांनी ठेवला तसाच वेटोळं करून. टोकाकडून ओला. खाली फरशीवर पाणी. ओल्या गाठी मोजल्या. दोनदा मोजल्या. एकोणीस.

काका दारात आले, पाण्याकडे बघत राहिले. “मोजून आली काय वो? आज अवस हाय ना.”

मी मळ्यात गेलेच नव्हते. तुम्ही गेला होता का, विचारलं. “ह्या गुडघ्यानं?” म्हणाले.

लॅपटॉप पिशवीतच आहे. बाबांचे आकडे मी बुडवले. बाबाच ते परत भरून देत असतील तर पुसणारी मी कोण? आणि ते नसतील तर कोण भरतंय?

काका म्हणाले, दोर उन्हात टाक. नाही टाकला. होता तसा खिळ्याला राहू दिला.