गंजी झाकायची बारी

तीर्थपुरी,
दि. १६ ऑक्टोबर २०२५

चि. शिवकन्या,

बेबीनंदा मावशीचा तुला आन् लेकराला आशीर्वाद. इकडं ठीक हाये. तुझे वडील धुळाजी भाऊ दोन्ही टाइम जेवतात, डबा मीच देऊन राह्यले. भाऊंना तुझ्या सासरहून कळलं, तू मोबाईल बंद करून कपाटात टाकला. घरात दुसऱ्याचा वाजला तरी उठून अंगणात जातीस म्हणे. म्हणून कागदावर लिहून राह्यले. माझी शाळा सातवीपर्यंत, चुकाचाकी समजून घे.

तुझी माय जाऊन चोवीस दिवस झाले. मी रडले न्हाई. बाया म्हणतात, बेबीनंदा दगड झाली. झाली असल. भाकर थापते, खाते, चव लागत न्हाई.

सोयाबीन कापायची टोळी बंद न्हाई ठेवली. कुणाला वाटल, काय बाई हाये, दहा दिवसांत पुन्हा वावरात. पण अकरा बायांची चूल हाये, आन् सोयाबीन वाळलं की शेंगा फुटतात, ते कुणासाठी थांबत न्हाई. कृषी सहायक बाई आल्त्या गावात, त्यांनी विजेचं समजावून सांगितलं. तसं बराबर करून राह्यले. वीज जास्त करून दुपारनंतर पडती, म्हणून नवाला जायचो ते आता सहालाच जातो. सकाळच्या दवात शेंग फुटत न्हाई, दाणा गळत न्हाई, एकपर्यंत पहिल्याएवढंच रान कापून होतं. आम्हाला सोडणारी जीप माघारी पाठवत न्हाई, वावरातच उभी असते. चमकलं की मी मोजायला लागते. तीस व्हायच्या आत गडगडलं की विळे जागेवर टाकून समद्या जीपमधी, काचा वर. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत कुणी उतरायचं न्हाई. झाडाखाली तर बिलकुल न्हाई. ती जुनी चिमाबाई कुरकुरते, म्हणते आमच्या जमान्यात असलं नव्हतं. मी म्हणते, बस गप.

कापलेलं सोयाबीन रचतो त्या गंजीचं पण बदललं. पहिले समदं कापून झाल्यावर झाकायचो. आता जेवढी रचली तेवढी लगेच झाकत जातो. शेवटी कुणाला एकटीनं जावं लागत न्हाई.

तुला आपल्या टोळीची रीत ठाऊक हाये. लग्नाआधी दोन हंगाम तू आल्तीस. जिची पात, वाट्याला आलेली ओळ, सगळ्यात शेवटी कापून संपल, तिनं गंजी झाकायची. ती माझ्यासारखी मुकादमीण असली तरी. रीत मीच घातली होती, म्हणजे कुणी हात आखडता घेणार न्हाई.

त्या दिवशी शेवटची पात माझी संपली.

हे लिहायला मला तीन कागद लागले. पहिले दोन फाडले.

ढग खाली आल्ते. समद्या वावरातल्या आखाड्यावर पत्र्याखाली पळाल्या. ताडपत्री माझ्या हातात होती. मी तुझ्या मायला म्हणलं, "आसरा, तू जा वं, माझा गुडघा धरला." गुडघ्याला काही झालं नव्हतं, शिवकन्या. मला भेव वाटलं. तुझी माय हसली, म्हणली, "बस तू, म्हातारी झालीस." ताडपत्री घेतली अन् गेली.

समद्यांचे मोबाईल माझ्या पिशवीत होते, तुझ्या मायनं पण जाता जाता टाकला, पळापळीत कुणाचं ध्यान नव्हतं. ती गंजीपाशी पोचली तवा पिशवीत वाजला. मी काढून पाह्यला. तुझा अन् लेकराचा फोटो. उचलला न्हाई, म्हणलं, येईलच ती आता. तेवढ्यात तिकडं वीज पडली. मोबाईल माझ्या हातात वाजतच होता.

मंग गाव जमलं. कुणी म्हणलं, कमरेला मोबाईल असल, त्यानंच वीज ओढली. मला विचारलं. मी म्हणलं, हो, लेकीचा फोन आल्ता. एवढंच म्हणलं. बाकी लोकांनी जोडलं अन् मी जोडू दिलं. तेराव्याला तू मला विचारलं, "मावशी, माझ्या फोननं का?" मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, बोलले काहीच न्हाई. त्याची मला विजेपेक्षा जास्त शरम वाटती.

मोबाईल तिच्या अंगावर नव्हता. पिशवीतून काढून मीच भाऊंच्या हातात दिला, कुठून काढला ते सांगितलं न्हाई. तू आली की बघ, त्याच्यावर साधा ओरखडा न्हाई. अन् कृषीवाल्या बाईंना मी खोदून विचारलं. त्या म्हणल्या, मोबाईल वीज ओढत न्हाई. म्हणजे तिच्या कमरेला असता तरी तुझ्याकडं काही येत नव्हतं. हे दोनदा वाच.

पत्र टाकलं की भाऊंना सांगते. उद्या सकाळी पात धरायच्या आधी बायांना सांगते. त्या माझ्यासंग कामाला येतील न येतील. पहिलं तुला कळायला पाहिजे होतं.

माफी मागत न्हाई, मागितली तर तुला उत्तर द्यावं लागल. मोबाईल चालू कर. मला लावू नको. तुझ्या बापाला लाव, तो रोज फोन समोर ठेवून बसतो.

त्या दिवशी जिची बारी होती ती,
बेबीनंदा