गुड्डीचा उजवा कान

७ नोव्हें.
गुड्डीच्या डाव्या कानात ठणका. आठवडाभर सर्दी होतीच. शाळा बुडाली. दिवसभर माझ्या शिलाई मशीनच्या पायाशी कान दाबून पडून. आईंनी (माझ्या सासूबाई, गुड्डी मला मम्मी म्हणते) ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकलं. तेवढ्यापुरतं बरं, मग परत रडारड. संध्याकाळी त्यांनी मोहरीच्या तेलात लसूण कडवला. आमच्या अर्ध्या कामठा गावाची पोरं त्यांच्या या तेलावर वाढली. "तूच टाक वो, माहा हात कापते," म्हणाल्या.
तीन थेंब टाकले. बोटाला तर कोमटच लागलं होतं.
सहा वर्षांची पोर अशी किंचाळू शकते, माहीत नव्हतं. थोड्या वेळानं एकदम गप्प. झोपली. आई म्हणाल्या, "पाह्य, लागू पडलं."

८ नोव्हें.
सकाळी उशीवर पिवळा डाग, त्यात रक्त. गुड्डी मात्र खेळतेय, दुखत नाही म्हणते. आईंचं म्हणणं, घाण निघाली, चांगलंच झालं. ह्यांना राईस मिलमध्ये फोन केला. "गोंदियाले ने. आत्ताच ने."

दु. ४. दवाखान्यातून आलो. 
डॉक्टरबाईंनी विचारलं, "कान में क्या क्या डाला?" सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, पडद्यामागं पू भरला होता, पडदा फुटला, म्हणून ठणका थांबला. वरून तेलानं आतली चामडी पोळली.
फुटला!! आणि आम्ही म्हणत होतो, लागू पडलं.
मग उजवा कान पाहिला. जो कधी दुखलाच नाही तो. खूप वेळ पाहिला, कानाला तपासायचं मशीन लावलं. "याच्या पडद्यामागं पाणी साचलंय. गोंदासारखं घट्ट झालंय. बरेच महिने झाले असतील. डाव्यातही आधी असंच असणार." मग तोंडापुढं कागद धरून विचारलं, "बेटा, तुझ्या मैत्रिणीचं नाव काय?" गुड्डी माझ्याकडे पाहून हसली. कागद खाली केला, तेवढ्याच आवाजात पुन्हा विचारलं. "माही," लगेच नाव सांगितलं.
म्हणजे ती ओठ पाहते.
माझी पोर ओठ पाहून बोलते आणि मला

९ नोव्हें.
दिवाळीच्या आधीची गोष्ट. अंगणात पाठमोरी खेळत होती. पाच हाका मारल्या. मग जाऊन पाठीत धपाटा घातला. "बहिरी झाली का वो?" हेच शब्द होते माझे. शाळेतल्या मॅडमनं वहीत लिहून पाठवलं होतं, मुलगी लक्ष देत नाही. मी खाली सही केली. टीव्हीचा आवाज वाढवते म्हणून रिमोट लपवला. "मम्मी, इकडं पाहून बोल न" म्हणायची, ते मी लाड समजले.
आज तिला समोर बसवलं. म्हटलं, तुले मारलं होतं न मी, चुकलं माहं.
"कधी?"


११ नोव्हें.
आई दोन दिवस बोलत नाहीत. जेवताना हे म्हणाले, "पोरीचा कान फोडला तुम्ही दोघींनी." मी म्हटलं, तेल मी टाकलं. आणि डॉ. म्हणाल्या होत्या, पू इतका होता की पडदा तेलाविनाही फुटला असता कदाचित. कदाचित.
आई ताटावरून उठून गेल्या.

१२ नोव्हें.
परसात आई एकट्याच तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डाव्या बाजूला बसले. म्हटलं, आई, मी तुमच्यावर ढकलत नाही. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. नाहीच. चीड आली. खांद्याला हात लावला तर दचकल्या.
"त्या बाजूनं नको बोलू. त्या कानानं नाही आयकू येत मले."
अकरा वर्षं झाली या घरात येऊन. आम्ही सगळे म्हणायचो, आई सोयीचंच ऐकतात. हसायचो पण.
कधीपासून, विचारलं.
"लहान होती मी, चिचगडले, माहेरी. असाच कान ठणके. मायनं तेल टाकलं, दुखणं थांबलं. मंग त्या कानानं आयकू येणं गेलं. माय म्हणे, तापानं गेलं." एक शेंग सोलली. "आता वाटून राहिलं..."
मी ओरडलेच. मंग लोकांच्या लेकरांले काऊन देत होत्या तुम्ही तेल?
"दुखणं थांबे न वो."
शेंगा तशाच पडून. दोघीही उठलो नाही.

१६ नोव्हें.
शेजारची वंदना सकाळी तेल मागायला. तिच्या लेकीचा कान. मी शिवता शिवता थांबले.
"नाही देत आता मी," आई म्हणाल्या. "कोरड्या फडक्यानं वरून शेक अन् दवाखान्यात ने. कानात काही टाकू नको."
"काऊन? सुनेनं शिकवलं वाटते."
 वंदना गेली. थोड्या वेळानं मीच तिच्या घरी गेले. तेल चुलीवर चढलेलं! उतरवायला लावलं. भांडली माझ्याशी, ब्लाऊजचं कापड परत मागितलं. पण दुपारी ऑटोत लेकीला घेऊन बसताना दिसली.

२९ नोव्हें.
फेरतपासणी. डाव्या पडद्याचं भोक लहान होत आहे, बुजेल म्हणाल्या. पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. उजव्यातलं पाणी जसंच्या तसं. तीन महिने थांबायचं. नाहीच ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवायची, म्हणजे ऑपरेशन. शाळेत पुढं बसवा, चेहरा दाखवून बोला. शाळेत जाऊन मॅडमना डॉक्टरबाईंची चिठ्ठी दिली. वाचून त्यांनी गुड्डीचं दप्तर पहिल्या बाकावर ठेवलं.
दवाखान्यात आईंच्या कानाबद्दलही सांगितलं होतं. डॉ. म्हणाल्या, उन्हें भी लेके आओ.
घरी येऊन आईंच्या उजव्या बाजूला बसले, सांगितलं.
"आता या वयात काय पाहाचं माह्या कानाचं?"
भाजी निवडून झाली. गुड्डी येऊन आमच्या समोर बसली, दोघींची तोंडं दिसतील अशी. आई हळूच म्हणाल्या,
"ते कानाले मशीन लावते तवा दुखते का वो?"