मधली पायरी

४ नोव्हेंबर
घर मिळालं, तेही खिडकीवालं. संग्रहालयाच्या मागे दोन खोल्या, दारातच नळ, भिंतींना ताजा चुना. ही बघेल तर हरखून जाईल. महिनाअखेरीला पोरीला घेऊन ये, असं आल्या आल्या कळवून टाकलं.

अधीक्षकसाहेब समुद्रापलीकडचे, पण बोलायला मोठे गोड. त्यांनी स्वतः ‘सुधारणेचं दालन’ दाखवलं. समोरच्या भिंतीत रुंद पायऱ्या काढल्यात. खालच्या पायरीवर डोंगरातले लोक, मधल्या पायरीवर आम्ही सपाटीवरचे, वर साहेबलोक. जिवंत माणसांच्या चेहऱ्यांचे ठसे घेऊन ते तिथे बसवायचे, हे माझं काम. निदान तळाला तरी नाही आम्ही, असं मी म्हणालो तेव्हा साहेब मनापासून हसले. प्लास्टर एक नंबर आहे, मैद्यासारखं.

६ नोव्हेंबर
आज कामाला हात घातला. रस्त्यासाठी डोंगर फोडायचा होता. डोंगरातल्यांनी मोजणीच्या खुंट्या उपटल्या, पूल जाळला, मग पलटण गेली. जे हाती लागले ते मागच्या गोदामात कोंडलेत. त्यांची म्होरकी एक म्हातारी आहे. डोंगर सरकारचा, असं लिहिलेल्या कागदावर तिचा अंगठा हवाय. कागद पुढे केला की ती मूठ मिटते.

पहिला ठसा तिचाच. चेहऱ्याला तेल, भुवयांना जास्त, श्वासासाठी नाकात कागदाच्या नळ्या. डोळे मिटून घ्या, घाबरू नका, प्लास्टर घट्ट होताना जरा गरम लागेल, असं मी सांगितलं. साहेबांनी मदतीला दिलेल्या दुभाष्यानं ते तिच्या भाषेत सांगितलं. तिनं उलट विचारलं, हे कशासाठी. मी म्हणालो, सुधारलेले आणि न सुधारलेले लोक शेजारी शेजारी दाखवायचेत. दुभाष्या अडला. ‘सुधारलेला’ला त्यांच्याकडे शब्दच नाही म्हणे. शेवटी त्यानं ‘वेसण घातलेला’ म्हणून वेळ मारून नेली. म्हातारीनं माझ्या नाकाकडे निरखून पाहिलं आणि खुदकन हसली. मलाही हसू आलं.

११ नोव्हेंबर
खालची पायरी भरत आली. काम देखणं झालंय, म्हातारीच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती उतरलीय. ठशात डोळे मिटलेलेच येतात. साहेबांना ते उघडे हवेत, म्हणजे बघणाऱ्याला रानटी नजर दिसेल. काल दिवसभर बसून सगळ्यांचे डोळे कोरले. आज सकाळी पाहतो तर सगळे मिटलेले. पापण्या गुळगुळीत, कुठे लिंपल्याची खूणसुद्धा नाही. दुभाष्याला विचारलं, मस्करी केलीस का. माझ्या हाताखाली राहून त्यालाही प्लास्टरचं काम आता बऱ्यापैकी जमायला लागलंय. तो पोराबाळांची शपथ घेऊन नाही म्हणाला.

१४ नोव्हेंबर
पुन्हा कोरले. पुन्हा मिटले. साहेब माझ्यावरच उखडले, कामचुकार म्हणाले. आयुष्यात हा शब्द कुणी मला लावला नव्हता.

दुपारी म्हातारीला पुन्हा कागदापुढे बसवलं. तिनं पुन्हा मूठ मिटली. मग बाकीच्यांनीही एकेक करून मुठी मिटल्या. मला खिडकीतून दिसत होतं. बघायला नको होतं.

१५ नोव्हेंबर
गोदाम रिकामं. सकाळी त्यांना खाणीकडे नेलं. थोड्या वेळानं बंदुकांचे आवाज आले. साहेब म्हणाले, त्यांना दुसरीकडे हलवलंय, आणि मी आपल्या कामाकडे लक्ष द्यावं. मी दिलं.

दालनात ठशांना हात लावून पाहिला. घट्ट होताना लागतं तितकं गरम. हे घट्ट होऊन आठवडा झालाय. प्रत्येकाच्या नाकाखाली दमट डाग. पुसला की पुन्हा येतो.

१८ नोव्हेंबर
उद्घाटन तोंडावर आलंय आणि मधली पायरी रिकामी. साहेबांनी मलाच सांगितलं, तूच झोप. सपाटीवरचा सुधारलेला माणूस म्हणून तुझ्याहून चांगला चेहरा कुठला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

दुभाष्यानं प्लास्टर ओतलं. आत अंधार, आणि कुणीतरी माझा हात धरला. खरखरीत, सुरकुतलेला तळवा. त्या म्हातारीच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि मला ते कळलं. तू कोणाचा, असं विचारत होती. तोंडावर प्लास्टर होतं.

दुभाष्या म्हणतो, खोलीत आम्ही दोघंच होतो.

२० नोव्हेंबर
माझ्या ठशाचे डोळे मीच कोरले. ते मात्र उघडेच राहिले.

आता खोलीत बसून मला दालन दिसतंय. मान वळवली तरी तेच. जेवताना ताट दिसत नाही, हातानं चाचपावं लागतं. चेहरा ताठरलाय. पापणी हलत नाही.

२१ नोव्हेंबर
पाय गेले. उजवा हात तेवढा चालतो. दुभाष्याला हाक मारायला गेलो, ओठ—

खालच्या पायरीवरून श्वास ऐकू येतो. सगळ्यांचा एकदम.

२२, उद्घाटन
मी खोलीतच पडून, दिसतंय ते दालन. ही आली आहे. लवकर का आली. साहेबांनीच बोलावून घेतलं असणार. पोर कडेवर. दोघी माझ्यासमोर उभ्या आहेत, खाली, गर्दीत. ही माझ्या ठशाकडे बोट दाखवून पोरीला सांगते आहे, बघ, तुझे बाबा. हिचा चेहरा अभिमानानं—

साहेब हिच्याशी बोलताहेत. मधल्या पायरीवर एक लहान चेहरा हवा म्हणतात. ठसा कसा घेतात तेही लोकांना बघायला मिळेल. ही लाजली. मान डोलावली. नको म्हण. नको म्हण गं—

पोरीला टेबलावर निजवलं. टेबल पायऱ्यांच्या भिंतीलगत. दुभाष्या तेल लावतो आहे.

खालच्या पायरीवरून म्हातारी बोलते आहे. डोळे मिट, म्हणते. तेवढंच कर. बाकीचं आम्ही बघतो.

डावा मिटला. भिंतीला खालून तडा गेला. लोक मागे सरताहेत. ही नाही सरत, हिला तडा दिसत नाहीये, पोर अजून टेबलावर—

मी थांबू का. म्हातारी म्हणते, मिट. उजवा आपला आपणच—

हिला कुणीतरी सांगा, पोरीला उचल, आधी पोरीला